मोडीत गेलेली परात

माहेराहून काय आणलंस असं सासरी कुणी विचारलं, की रोहिणी सांगायची, डझनभर भांडी आणि एक मशीन. मशीन म्हणजे भांड्यांवर नाव टाकायचं. पेनासारखं हातात धरायचं, बटण दाबलं की टोकाची सुई थरथरत स्टीलवर टिंबं उमटवत जायची. तिच्या वडिलांचं, भिला मोतीराम यांचं, खापर गावच्या बाजारात भांड्यांचं दुकान होतं. लग्नसराईत गल्ल्यावर ते आणि मशीनवर रोहिणी. वहीत तिचं अक्षर गिचमिड, पण स्टीलवर असं एकसारखं यायचं की लोक दुसऱ्या दुकानातली भांडीही नाव टाकायला तिच्याकडे आणायचे.

सासर तापीकाठी. केळी, ऊस, सिमेंटचं मोठं घर, आणि त्या घरावर सासू नर्मदाबाईंची नजर. लग्नाच्या पहिल्याच वर्षी रोहिणीच्या हातातल्या पाटल्या तिच्या थोरल्या दिराच्या, भाग्येशच्या, ट्रॅक्टरात गेल्या. हंगाम झाला की परत करतो म्हणाला होता. ट्रॅक्टर आला तेव्हा त्याने बॉनेटवर 'मातोश्री कृपा' रंगवून घेतलं. पाटल्या कुणाच्या कृपेने गेल्या ते लिहायला बॉनेटवर जागा उरली नाही. नवरा ललित त्या ट्रॅक्टरसोबत फोटो काढून घेण्यात सगळ्यात पुढे.

रोहिणी त्यातून एक शिकली. या घरात जे दिसलं ते गेलं.

वडील वारल्यावर भावाने दुकान विकलं. हक्कसोडीवर तिची सही हवी होती, म्हणून तिचा हिस्सा तिच्या खात्यात टाकला आणि त्या दिवसापासून तिला दारात उभं करणं बंद केलं. रोहिणी तेव्हा गावातल्या ऑनलाइन सेंटरवर बसून लोकांचे फॉर्म भरायची. लोक आपला ओटीपी रस्त्यापलीकडून ओरडून सांगतात, हे तिने रोज पाहिलं होतं. हिश्श्याचे तिने बिटकॉइन घेतले. आधी मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये ठेवले. मग तसलंच एक अ‍ॅप एका सकाळी बंद पडल्याची आणि लोकांचे पैसे अडकल्याची बातमी वाचली. तिने ठरवलं, किल्ली आपल्याच हातात हवी. बिटकॉइनची किल्ली जपणारं एक छोटं यंत्र तिने बनवणाऱ्या कंपनीकडूनच मागवलं, स्वस्तात मिळतंय म्हणून भलत्या दुकानदाराकडून नाही. दिसायला पेनड्राइव्हसारखंच, फक्त त्याला काडेपेटीपेक्षा लहान पडदा.

दुपारी घर झोपल्यावर स्वयंपाकघराचं दार लावून तिने ते सुरू केलं. यंत्र उघडायचा स्वतःचा गुप्त आकडा ठरवला. मग पडद्यावर एकामागून एक चोवीस शब्द आले. शाळेतले साधे इंग्रजी शब्द, कुठे कांदा, कुठे नदी, कुठे बकरी. यंत्र हरवलं, फुटलं, तरी हे शब्द याच क्रमाने दुसऱ्या यंत्रात भरले की सगळं परत मिळतं. आणि हे शब्द दुसऱ्याला मिळाले, तर यंत्र आपल्या हातात असूनही सगळं त्याचं. फोटो काढायचा नाही, मोबाइलमध्ये लिहायचे नाहीत. कागदावर ठेवावे, तर नर्मदाबाई दिसेल त्या कागदाने बंब पेटवत.

रोहिणीने मशीन काढलं. माहेरची मोठी परात पालथी घातली. मधोमध वडिलांचं नाव होतंच. कडेने, वेलबुट्टी वाटावी इतक्या बारीक टिंबांत, तिने ते शब्द गुंफले. मग मुद्दाम यंत्र पुसलं, परातीवरून शब्द वाचून पुन्हा भरले, आधी पाठवलेली थोडीशी रक्कम जागेवर दिसली, तेव्हा कुठे बाकीचं सगळं पाठवलं. दुसरी प्रत माहेरी ठेवणं शहाणपणाचं होतं, पण त्यासाठी भावाचं तोंड बघावं लागलं असतं. तिने स्वतःची समजूत घातली. नाव टाकलेलं भांडं गावात हरवत नाही. पंगतीला जातं, तेराव्याला जातं, कुणीतरी नाव वाचून आणून देतं. घरातलंच माणूस ते बाहेर काढेल, हे तिने धरलंच नव्हतं.

ललितला तिने यंत्र दाखवलं होतं, शब्दांचं सांगितलं नव्हतं. यंदा टीव्हीवर बिटकॉइनचा भाव ऐकून ललितने भावासमोर छाती फुगवली. "मन्ही बायकोकडे पण बिटकॉइन शेतस." त्या संध्याकाळी भाग्येशने सगळ्यांना ओसरीवर बसवलं. त्याला ऊसतोडणीचं यंत्र घ्यायचं होतं.

"रोहिणी, ते डबडं आण. घरना पैसा घरमा ऱ्हावाले जोयजे."

"तो पैसा घरना नही, दादा. मन्हा बापना शे."

"बापना?" नर्मदाबाई पानाचा डबा आपटत म्हणाल्या. "तुन्हा बापनं काय शे वं ह्या घरमा? चार भांडा! ती तुन्ही परात, ते तुन्हा पातेला. आम्हना उसावर तीस वरीस जेवनी, नि आते बाप आठवना?"

"देई टाक ना वं," ललित जमिनीकडे बघत म्हणाला. "कसाले वाद?"

"पाटल्या दिध्यात तवय पण तुम्ही हाईच बोलनात."

भाग्येश उठला, सरळ तिच्या खोलीत गेला आणि कपाटातल्या साड्या जमिनीवर ओढून यंत्र घेऊन आला. मोबाइलच्या चार्जरला लावलं. पडद्याने आकडा मागितला.

"आकडा चुकना ते ते सगळं पुसी टाकस, दादा," रोहिणी म्हणाली.

"बाईमाणूसना आकडा काय ऱ्हाई? नवराना, नहीते पोरना."

त्याने ललितची जन्मतारीख टाकली. मग त्यांच्या लग्नाचं साल. मग, जरा विचार करून, स्वतःचीच जन्मतारीख. पडदा क्षणभर काळा झाला आणि नव्या गिऱ्हाइकाला म्हणावं तसं 'स्वागत' इंग्रजीत उमटलं. भाग्येशने यंत्र उलटंपालटं केलं, हलवलं, कानाशी नेलं.

"काय व्हयनं?" ललितने विचारलं.

"पुसाई गयं," रोहिणी म्हणाली.

मग भाग्येशने ते तिच्या मांडीवर फेकलं. "घे. मन्हं नही, ते तुन्हंबी नही."

रोहिणीला तेव्हा एकच काम होतं, चेहरा पडलेला ठेवायचं. पैसा यंत्रात नसतो हे तिने सांगितलं असतं, तर त्याच रात्री घराची फरशी उकरली असती. ती मान खाली घालून बसली. पण जेवायला बसल्यावर तिने नेहमीसारख्या दोन भाकरी खाल्ल्या, आणि ते नर्मदाबाईंनी पाहिलं. रडली असती, तर कदाचित त्यांनी तिथेच सोडलं असतं.

दुसऱ्या दिवशी रोहिणी दात दाखवायचं निमित्त करून शहाद्याला गेली. भाग्येशच्या हाताला लागलेलं यंत्र तिला पुन्हा वापरायचं नव्हतं. तिने नवं मागवलं, पत्ता कुरिअरच्या ऑफिसचाच दिला, स्वतः येऊन नेते म्हणाली. दुपारी परतली तर स्वयंपाकघराची फळी अर्धी रिकामी. खाली एक नवा कोरा डबा, झाकणावर अजून दुकानाची चिठ्ठी.

"मोडवालाना टेम्पो उना व्हता," नर्मदाबाई तिच्या तोंडाकडे निरखून बघत म्हणाल्या. "तुन्हा माहेरना भांडा दी टाकात. हाऊ डबा लिधा. कसा शे?"

रोहिणीने फळीकडे पाहिलं, परातीची जागा रिकामी होती. एकदा जरी 'परात' म्हणाली असती, तरी ओसरीवर बसलेल्या भाग्येशचे कान टवकारले असते. तिने डबा उचलला, झाकण लावून पाहिलं.

"बरं करं तुम्हीन. झाकण घट्ट शे," ती म्हणाली आणि चहा ठेवायला वळली. साखर दोनदा पडली. भाग्येशने चहाचा घोट घेऊन शिव्या दिल्या, त्या तिने निमूट ऐकल्या.

झाकणावरच्या चिठ्ठीवर शहाद्याच्या रतिलालशेठचं नाव होतं. सकाळी ती त्यांच्या गोदामात उभी होती. मोडीचा ढीग छातीएवढा. माणसं हातोड्याने भांडी चेपून पोत्यात भरत होती.

"मोड परत मिळत नाही, बेन," रतिलालशेठ म्हणाले.

"वजनाने विकत घेते."

"आख्खं नवं घ्या ना. जुन्यात काय सोनं आहे?"

"वडिलांचं नाव आहे."

शेठने हात झटकले. ती ढिगात शिरली. दुसऱ्यांच्या बापांची नावं, मामांची नावं, सप्रेम भेटी, सगळ्या एकमेकींत चेपलेल्या. परात तिला तळाशी सापडली. एका बाजूने हातोडा बसून ती पोळीसारखी दुमडली होती. दुमडीच्या आतली टिंबं शाबूत होती. शेठने ती काट्यावर टाकताना पालथी केली आणि चष्मा वर सरकवला.

"हे कडेला इंग्रजीत काय आहे? मंत्र का?"

"नक्षी आहे."

"बरीच लांब नक्षी," शेठ म्हणाले, आणि शेजारच्या माणसाला दाखवायला परात त्याच्याकडे सरकवली. त्याने बोट फिरवत दोन शब्द मोठ्याने वाचले आणि हसला. रोहिणीने परात ओढून घेतली, सांगितली ती किंमत दिली.

म्हणजे हे शब्द आता कामाचे राहिले नव्हते. परक्या नजरेखालून गेलेली किल्ली ती ठेवणार नव्हती. नवं यंत्र येईपर्यंत तिने परात गोणपाटात गुंडाळून ऑनलाइन सेंटरच्या पोटमाळ्यावर ठेवली आणि घरी भाग्येशचे टोमणे ऐकले. पाहुणे आले की तो सांगायचा, "आम्हनी रोहिणीना पैसा पेनड्राइव्हमा जळी गया." पाहुणे हसायचे, ललितही हसायचा. ती ताटात भाजी वाढायची.

यंत्र आल्यावर सेंटरचं दार आतून लावून तिने जुने शब्द शेवटचे भरले. सगळं जागेवर होतं. मग यंत्राकडून नवे चोवीस शब्द घेतले आणि सगळी रक्कम त्या नव्या शब्दांच्या पत्त्यावर हलवली. ते शब्द तिने कशावर टाकले आणि कुठे ठेवले, ते तिने कुणालाच सांगितलेलं नाही, त्यामुळे इथेही येणार नाही. एवढंच, की या खेपेला दोन ठिकाणी ठेवले, आणि दोन्हींपैकी एकही ठिकाण त्या घरात नाही. जुनी परात तिने हातोड्याने सरळ केली आणि उघडपणे फळीवर आणून ठेवली. पीठ मळताना ती डुगडुगायची. ही कशी परत आली, असं नर्मदाबाईंनी विचारलं नाही, पण नवा डबा मात्र दुसऱ्याच दिवशी तिच्यासमोर आणून ठेवला.

"ह्यावर आबानं नाव टाक. तुन्हं मशीन शेच." आबा म्हणजे तिचे वारलेले सासरे.

रोहिणीने मशीन लावलं. नर्मदाबाईंना वाचता येत नव्हतं. त्या समोर बसून सुईचा आवाज ऐकत राहिल्या आणि काम झाल्यावर डब्यात लाडू भरून तो आपल्या कपाटात ठेवला. भाग्येशने लाडू काढताना ते वाचलं आणि डबा आईसमोर धरला.

"माय, हाई कोणं नाव शे? भिला मोतीराम, खापर."

नर्मदाबाईंचा चेहरा लाल झाला. "मिटाड ते! आत्ते मिटाड!"

रोहिणी परातीत ज्वारी-उडदाच्या कळण्याचं पीठ मळत होती. तिने वर पाहिलं नाही.

"टाकेल नाव मिटस नही, माय. नको ऱ्हाई ते मोडमा दी टाका."