बाबांनी दिलेला हत्ती

इथले भुताखेतांचे अनुभव मी वाचते आणि बहुतेक वेळा हसून सोडून देते. आमच्या घरात अंगारे-धुपारे कधी चालले नाहीत. बाबा बुद्धवंदनेपुरते हात जोडायचे, बाकी कशालाच नाही... त्यामुळे हे लिहितानाही अवघड वाटतंय.

आम्ही दिग्रसचे. बाबा कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर होते. कापसाचे दिवस फिरले तसं जिनिंग बंद पडलं आणि बाबा घरी बसले. तिथलेच सुदामकाका रोज दुपारी यायचे, मग दोघं बुद्धिबळ मांडायचे. एका डावात बाबांकडे राजा, एक अडलेलं प्यादं आणि एक हत्ती उरला होता. काकांचा वजीर शाबूत. बाबा बराच वेळ पटाकडे बघत बसले आणि तिथेच कलंडले... लकवा.

उजवी बाजू गेली, वाचा गेली. डाव्या हातात चमचासुद्धा ठरेना. कूस बदलायची तर मीच बदलायची. हो म्हणायचं असलं की डोळे मिटायचे, एवढंच उरलं होतं. पट मी आवरला नाही. बाबांच्या खाटेसमोरच्या भिंतीशी, स्टुलावर मांडलेला तसाच ठेवला. का, ते सांगता येणार नाही.

एकदा आठवडी बाजारातून आले. दाराला बाहेरून कुलूप, मीच लावलेलं. घरात फक्त आम्ही दोघं राहायचो. आत आले तर बाबांचा हत्ती काकांच्या राजाला खेटून उभा होता. बाकी एकही सोंगटी हललेली नव्हती. बाबा टक लावून पटाकडे बघत होते.

मी काकांना बोलावलं.

"तुनं हात लावला काय?"

"नाही काका. मी बाजारात गेलती."

काका पटाशी बसले. हत्ती उचलायचे, परत ठेवायचे. मग हळूच म्हणाले, "फुकट देऊन राह्यला असं वाटते. पण म्या मारला, तर याच्या राजाले हलाले जागाच नाही. प्यादं अडलेलं. शहही नाही. डाव बरोबरीत."

"आणि नाही मारला तर?"

"तर हा शह देतच राहीन... संपतच नाही." "त्या दिवशी हे मले दिसलं नव्हतं, पोरी. यालेही दिसलं नसन."

ते बाबांच्या खाटेशी गेले. "मारू काय गा?"

बाबांनी डोळे मिटले.

काकांनी आपल्या राजानं हत्ती मारला आणि चपला घालून गेले.

त्या संध्याकाळपासून बाबांनी चमच्यापुढे तोंड उघडलं नाही. मी विनवलं, रडले, डॉक्टरांना आणलं. नळी घालू का विचारलं तेव्हा बाबा डोळे सताड उघडे ठेवून माझ्याकडे बघत राहिले. थोड्याच दिवसांत गेले.

सोंगट्या जड, लाकडी. खिडकी बंद होती. मांजर-उंदीर म्हणावं तर नेमकी तीच सोंगटी, नेमक्या त्याच घरात? शेजारचे म्हणतात, तूच थकव्यात हलवली असशील, आठवत नसेल. मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. तसं असतं तर बरं झालं असतं. निदान बाबांनी स्वतःहून असा शेवट मागितला नव्हता, असं तरी म्हणता आलं असतं.