डिस्चार्ज मेळ्ळो

गोव्यात नुसते ‘मेडिकल’ म्हटले की पणजीचे मोठे सरकारी इस्पितळ, आणि डिस्चार्ज म्हणजे तिथून बरे होऊन घरी येणे. यात कुणाचा दोष नाही, हे मला कळते. तरी फौजेने मला मेडिकल डिस्चार्ज देऊन गावी, आमोण्याला धाडले तेव्हा अख्ख्या वाड्याने जे कौतुक केले, ते आठवले की अजून डोके तापते.

“डिस्चार्ज मेळ्ळो? बरें जालें मरे! आतां परत केन्ना वता?”

परत कुठला जातोय, कपाळ! डोंगरात गाडी उलटून माझा उजवा गुडघा कामातून गेला होता. फौजेच्या डॉक्टरांनी मला नोकरीला नालायक ठरवून कायमचे घरी पाठवले होते. पहिल्या आठवड्यात मी चार-दोन जणांना हे समजावून पाहिले, मग नाद सोडला. ते दिवस भाषेच्या भांडणाचे. राज्य नवे, कोकणी की मराठी म्हणून भिंती रंगलेल्या, पदेराकडे पाव घ्यायला गेलो तरी तोच वाद. मी मनात म्हणायचो, भांडा लेको, माझे जे झाले त्याला तुमच्या दोन्ही भाषांत शब्द नाही.

सगळ्यांत जास्त राग यायचा तो बाबांचा. त्यांनी माझे फौजेचे बूट पॉलिश करून सोप्यावर मांडून ठेवले होते, बोलावणे आले की निघायला बरे म्हणून. रस्त्याने माझ्या पुढे झपाझप चालायचे आणि वळून ओरडायचे, “सोल्जर मरे तूं! चल बेगीन!” मी दातओठ खात मागून फरफटायचो.

अधू होऊन परतलेल्या माजी सैनिकासाठी आयटीआयमध्ये एक जागा राखीव होती, फीही माफ. मला रेडिओ-टीव्ही दुरुस्ती शिकायची होती. बसून करायचे काम, आणि हात माझे शाबूत होते. ते जमले नाही तर खाणीच्या गेटवर वॉचमन. शेजारच्या काकांनी तिथे शब्द टाकूनही ठेवला होता, कारण फौजेतून आलेला माणूस दुसरे काय करणार! हातात दंडुका घेऊन ट्रकांची लाल धूळ खात जन्म काढायचा, या विचारानेच अंगाची लाही व्हायची.

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी बाबा हट्टाने बरोबर आले. खिडकीतल्या कारकुनाने माझे कागद उलटेपालटे केले आणि विचारले, “तुका डिस्चार्ज मेळ्ळा न्हय? म्हणजे बरो जालो. मागीर सवलत कित्याक?”

“बरा झालो म्हणून नाही हो. फौजेचा डिस्चार्ज आहे तो.”

“डिस्चार्ज तो डिस्चार्ज. वयल्यान सगल्यांक फिटनेसाचो दाखलो जाय. मेडिकलांत वच आनी घेवन यो.”

म्हणजे अधू म्हणून जी जागा मागायला आलो, ती मिळवायला धडधाकट असल्याचा दाखला आणायचा! आणि तोही त्याच दिवशी, पणजीहून. मागे रांगेतली पोरे खिदळत होती. बाबा पुढे होऊन कौतुकाने त्याला म्हणाले, “पुराय बरो जाला तो. परत वतलो आतां, तोमेर शिकूं दी.” परत जाईपर्यंत शिकू दे, म्हणे!

माझा ताबा सुटला. मी खिडकीवर हात आपटला आणि ओरडलो, “मोडलां म्हूण काडून उडयलां माका! परत घेवचे नात! कळ्ळें?”

कारकून वर न बघता आत गेला, साहेबाशी बोलून आला आणि मुकाट्याने कागद घेतले. जागा मिळाली. पुढे तीस वर्षे त्या विद्येवर घर चालले. पण त्या कारकुनाला मी माफ केलेले नाही. मोडलो म्हणून मला काढून टाकले, हे मी बाबांना कधीतरी घरी, हळू आवाजात सांगितले असते. त्याने ते माझ्याकडून चारचौघांत ओरडून घेतले.

बाहेर पायरीवर बाबांनी एवढेच विचारले, “म्हणजे परत वचपाचें ना?”

“ना,” मी म्हणालो.

मग आम्ही बसस्टँडकडे निघालो. मी सवयीने ते पुढे जायची वाट पाहिली. ते थांबून राहिले, आणि अख्खा रस्ता माझ्या मागून चालले.