एक्सरेतला ताईत

नांदेडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आमचा प्रकल्प होता: छातीचा एक्सरे बघून क्षयाची शंका सांगणारा प्रोग्राम. कॉलेजात गेलेला घरातला मी पहिलाच, त्यामुळे हे आपल्याला जमेल का, ही धास्ती कायम असायची. जोडीला चाकूरचा एक मित्र होता. त्यानं दुसरा भाग केला, पेशंटशी मराठीत बोलणारा. तो भाग आवाजावरून भीती, राग, दुःख ओळखायचा आणि तसं समजुतीनं बोलायचा.

एक्सरे आम्हाला एका खाजगी दवाखान्यातून नावं काढून मिळाले होते. आजाऱ्यांचे वेगळे आणि नोकरीच्या तपासणीला आलेल्या धडधाकट लोकांचे वेगळे. ते पुन्हापुन्हा बघून प्रोग्राम आपला आपण शिकला. उत्तरं बरोबर यायला लागली. मला एकच गोष्ट खटकत होती. प्रोग्राम चित्रात कुठं बघून ठरवतो, ते लाल रंगात दिसायची सोय असते. क्षय फुप्फुसात असतो. पण लाल डाग पडायचा गळ्याखाली, छातीच्या मधोमध. बाई असो की बाप्या, तरणा असो की म्हातारा, डाग त्याच जागी. कुणीतरी प्रत्येकाच्या छातीवर एकच बोट टेकवून गेल्यासारखा.

"भूत बसलंय तुझ्या प्रोग्राममदी," मित्र म्हणाला. "उत्तर बरोबर येतंय ना? मग गप बस की."

मी ते तसंच सोडून पुढच्या कामाला लागलो.

त्याच सुमारास अण्णा, म्हणजे माझे वडील, लोह्याजवळच्या आमच्या गावाहून आले. खोकला जात नव्हता. एक्सरे काढून त्यांनी मोबाइलवर घेतला होता, पण डॉक्टरकडं न जाता ते थेट आमच्या लॅबमध्ये आले.

"आपल्या घरची मशीन आस्ताना डॉक्टर कशाला?" ते म्हणाले. गावात त्यांनी सगळ्यांना तसंच सांगितलं होतं.

मी एक्सरे टाकला. पडद्यावर आलं: निरोगी. लाल डाग कुठंच नाही. अण्णांनी मोठ्यानं श्वास सोडला. "लाव, तुझ्या आईला फोन लाव."

"थांबा अण्णा," मित्र म्हणाला. "तुमच्या पोराची मशीन मुकी हाय. माझी बोलती. तिच्याशी बी बोला की जरा."

त्याच्या मशीनला बाईचा आवाज होता, थोडा सपाट. "तुम्हाला कसं वाटतंय?"

"ठणठणीत हाय," अण्णा हसत म्हणाले.

"तुमच्या आवाजात भीती जाणवते. कशाची भीती वाटते?"

"लई आगाऊ हाय गड्या ही." अण्णा हसले, मित्र हसला, मीही हसलो.

मशीन थांबून राहिली. समोरचा बोलेपर्यंत वाट बघायची, असंच तिला शिकवलं होतं. आमचं हसू संपलं. पंख्याचा तेवढा आवाज उरला. मग ती हळूच म्हणाली, "मी ऐकतेय."

अण्णा आमच्याकडं न बघता पडद्याला म्हणाले, "थुंकीतून रगत येतंय, बाई."

हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. पडद्याच्या एका कोपऱ्यात 'निरोगी' लिहिलेलं होतं, दुसऱ्या कोपऱ्यात 'भीती'.

मी आजाऱ्यांचे मूळ एक्सरे उघडले. कॉलेजच्या कॉम्प्युटरला पेलावीत म्हणून आम्ही सगळी चित्रं बारीक केली होती. मोठी केल्यावर दिसलं. लाल डागाच्या जागी धातूची इवलीशी पांढरी पेटी. ताईत. दुसऱ्या चित्रात ताईत. तिसऱ्यात ताईत. दोरा एक्सरेत उमटत नाही, म्हणून ते ताईत बरगड्यांपुढं अधांतरी तरंगताना दिसत होते.

दुखणं लांबलं की आमच्याकडं ताईत बांधतात आणि बरं वाटेपर्यंत सोडत नाहीत. एक्सरे काढणाऱ्यानं उतरवायला कितीही सांगितलं तरी हात ताईत घट्ट धरून ठेवतो. नोकरीच्या तपासणीला आलेली धडधाकट माणसं सांगितलं की सगळं उतरवून ठेवतात. प्रोग्रामला फुप्फुस कळलंच नव्हतं. ज्याच्या गळ्यात ताईत तो आजारी, एवढंच तो शिकला होता.

आजोबा बौद्ध झाले तेव्हा त्यांनी घरातले ताईत-गंडे नदीत सोडले होते. तेव्हापासून आमच्या कुणाच्या गळ्यात काही नाही. अण्णांच्या छातीवर प्रोग्रामला बघण्यासारखं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. थुंकी तपासली. क्षयच निघाला. गोळ्या सुरू झाल्या.

पुढं सुट्टीत मी घरी गेलो. लॅपटॉप बघून अण्णांनी विचारलं, "ती बाई हाय का ह्याच्यात?"

"नाही अण्णा. ती लॅबमध्ये आहे. काय सांगायचं होतं? मला सांगा ना. गोळ्यांनी त्रास होतो का? भूक लागती का?"

"तू थांबत न्हाईस तिच्यावानी," ते म्हणाले.

मी लॅपटॉप मिटला. आई बाहेर धुणं वाळत घालत होती. अण्णा भिंतीकडं बघत बसले. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, आत कुठंतरी कागद चुरगळल्यासारखा. मला काहीतरी विचारावंसं फार वाटत होतं.

बऱ्याच वेळानं ते भिंतीलाच म्हणाले, "झोपंत घाम येतो. समदं अंथरून भिजतं. तुझ्या आईला सांगू नको."