अक्का मराठी विसरली तो उन्हाळा

रत्नम्मा सतराव्या वर्षी भालकीजवळच्या खेड्यातून लग्न होऊन निलंग्याला आली, तेव्हा तिला मराठीतले चारच शब्द येत होते. त्यातला एक शिवी होता, हे सासरी आल्यावर कळलं. तिची थोरली बहीण पार्वती चार वर्षं आधीच मुखेडला दिलेली. दोघींनी आपापल्या गावात मराठी शिकून घेतली, बाजारात घासाघीस करण्याइतकी आणि शेजारणीशी भांडण्याइतकी. पार्वतीनं तर बसवंतला, तिच्या एकुलत्या एका पोराला, कानडीचं वारंही लागू दिलं नाही. शाळेत मागं पडंल म्हणायची.

रत्नम्माला मूलबाळ झालं नाही. तिचा नवरा चंद्रप्पा शिवणकाम करायचा, ती काजं-बटणं करायची. दर उन्हाळ्यात बसव जयंतीच्या आधी अक्का मुखेडहून यायची आणि पंधरा दिवस दोघी बहिणी पापड लाटत, शेवया वळत नुसत्या कानडीत बोलत राहायच्या. चंद्रप्पा मशीनवरून ओरडायचा, "ह्या घरात मीच पाव्हणा झालो की गं!" सहा वर्षांपूर्वी तोही गेला. त्यानंतर वर्षातले तेवढे पंधरा दिवसच रत्नम्माच्या तोंडात तिची स्वतःची भाषा असायची. बाकीचे दिवस बोलायलाच कोणी नसायचं, मग भाषा कुठली का असेना.

यंदा अक्का आली नाही. बसवंतचा फोन आला.

"मावशी, आईनं मराठी सोडली बघ. डॉक्टर म्हणतेत, विसरायचा आजार हाय. जुनं तेवढं राहिलंय. दिवसभर कानडी बोलून राहिली, आमाला एक अक्षर कळंना. तू ये."

बसवंत पुण्याला कंपनीत होता. सुट्टीत बायको आणि नववीतली शिवांगी यांना घेऊन तो मुखेडच्या घरी आला होता. रत्नम्मानं पिशवी भरली, उदगीरला गाडी बदलली आणि ऊन कलायच्या आत मुखेडला पोचली.

अक्का ओसरीवर बसली होती. तिनं रत्नम्माला नीट न्याहाळलं आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

"अव्वा," ती म्हणाली.

अव्वा म्हणजे आई. धाकट्या बहिणीत तिला आई दिसत होती.  सगळे बघत होते, म्हणून रत्नम्मा नुसती जवळ जाऊन बसली.

त्या दिवसापासून घराला दुभाषी मिळाली. अक्का कालवा करायची आणि रत्नम्मा सांगायची, "तिला आंघोळीचं पाणी गरम नको," "तिला दात दुखतोय." चार दिवसांत अक्का पोटभर जेवायला लागली. सून म्हणाली, "मावशी, तुमी आलात म्हणून बरं, न्हाईतर आमी हिला उपाशीच मारलं असतं." रत्नम्माला फार बरं वाटलं. कुणाला आपली अशी गरज पडून तिला वर्षं झाली होती. मनात एक विचार आला आणि तो तिनं बसवंतजवळ बोलूनही टाकला.

"हिला माझ्याकडं राहू दे की. पुण्यात हिचं कोण ऐकणार? मी हाय, घर हाय. दोघी ऱ्हाऊ."

बसवंत लगेच नाही म्हणाला नाही. "बघू मावशी. सणानंतर ठरवू."

बसव जयंतीच्या दिवशी घरात पुरणपोळी आणि आमरस झाला. रस्त्यावर मिरवणुकीची हलगी वाजत होती. अक्का सकाळपासून एकच बोलत होती, "मनिगि होगोण." मनी म्हणजे घर, घरी जाऊ या. रत्नम्मानं तिला दहादा सांगितलं, "अगं, घरीच हाइस." अक्का मान डोलवायची आणि पुन्हा तेच.

जेवणं झाली. बसवंत, सून, शिवांगी मिरवणूक बघायला गेले. "तुमी दोघी पडा घटकाभर," असं सांगून दार ओढून गेले. अक्का डोळे मिटून पडली होती. रत्नम्मा तिच्या शेजारी आडवी झाली. गोडाचं जेवण, वरून पंख्याचा वारा. तिचाही डोळा लागला.

जाग आली तेव्हा शेजारची चटई रिकामी होती आणि दार उघडं.

ती अनवाणीच रस्त्यावर धावली. गर्दी, गुलाल, हलगी. कुणाला विचारावं, काय विचारावं, सुचेना. मग सकाळपासूनचे ते दोन शब्द आठवले. अक्काला ह्या घरी जायचं नव्हतंच. तिला भालकीकडच्या घरी जायचं होतं.

रत्नम्मा तशीच बसस्टँडवर गेली. भालकीच्या वाटेवरची, उदगीरची गाडी लागली होती. आत तिसऱ्या बाकावर अक्का ताठ बसली होती, पदर डोक्यावर, मांडीवर रिकामे हात. कंडक्टर वैतागून विचारत होता, "आजी, जायाचं कुठं?" आणि अक्का त्याला शांतपणे पुन्हा पुन्हा सांगत होती, घरी.

रत्नम्माला बघून ती रुसून म्हणाली, "अव्वा, किती उशीर केलास!"

दोघी घरी परतल्या तेव्हा बसवंत दारात उभा होता. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं, असं रत्नम्माला वाटलं.

"मावशी," तो संध्याकाळी म्हणाला, "तुझं वय अडुसष्ट. एकटीनं न्हाई व्हायचं."

"हाव," रत्नम्मा म्हणाली. दुसरं काय म्हणणार? झोप तिला लागली होती.

उरलेल्या दिवसांत शिवांगी तिच्या मागं लागली. "निलंग्याची आजी, मला शिकव." पोरीनं वहीत एकेक शब्द लिहून घेतला. नीर म्हणजे पाणी, ऊटा म्हणजे जेवण, ब्याड म्हणजे नको. उच्चार चुकला की अक्का खुदकन हसायची. जी भाषा पोराला दिली नाही ती नात वहीत उतरवून घेत होती, आणि अक्काला त्याचा पत्ताही नव्हता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळा उघडायच्या आधी ते अक्काला घेऊन पुण्याला निघाले. घराला कुलूप लागलं. अक्का गाडीत बसली आणि आपल्या शेजारची जागा हातानं थोपटत रत्नम्माला बोलावू लागली.

"तू हो पुढं," रत्नम्मा कानडीत म्हणाली, "मी मागच्या गाडीनं येते."

अक्काला ते पटलं. पोरीला आईचं पटावं तसं. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत रत्नम्मा उभी राहिली, मग आपली पिशवी उचलून स्टँडकडे चालू लागली.

सुरुवातीला शिवांगीचे फोन यायचे. "आजी, हूवा म्हणजे काय?" "फूल गं." "मग अगदी बरोबर, तिला गजरा पाहिजे व्हता!" दसऱ्यानंतर अक्का बोलेनाशीच झाली, कुठल्याच भाषेत. विचारायचे शब्द संपले तसे फोनही विरळ झाले. जानेवारीत अक्का गेली. मातीही पुण्यातच झाली. रत्नम्मा गाड्या बदलत पोचली तेव्हा सगळं आटोपून लोक दारात पाय धूत होते.

पुढच्या उन्हाळ्यात पंधरा दिवस रिकामे आले. दोन दिवस तिनं कसेबसे काढले आणि तिसऱ्या दिवशी भालकीची गाडी धरली. माहेरी आता भाऊ नव्हता, भावजय नव्हती. भाच्याच्या बायकोनं, मंजुश्रीनं, दार उघडलं. तिनं आधी रत्नम्माला ओळखलंच नाही, ओळख पटल्यावर मात्र लगबगीनं पाणी दिलं आणि मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "बसा आत्या. प्रवास कसा झालं?"

"माझ्याशी कानडीच बोल गं," रत्नम्मा कानडीत म्हणाली.

मंजुश्री हसली. "तुम्ही महाराष्ट्राचे ना, म्हणून मराठी बोलली." मग कानडीत तिनं कौतुकानं विचारलं, "हे असले जुने शब्द तुम्हाला अजून येतात? आमच्याकडं आता असं कुणी बोलत नाही."

तिनं प्रेमानं वाढलं. आमरस होता, शेवया होत्या. रत्नम्मानं सगळं खाल्लं, पोराबाळांच्या हातावर खाऊ ठेवला. राहा म्हणून आग्रह झाला, पण घरी कामं पडली आहेत असं तिनं सांगितलं, मराठीत, आणि दुपारच्या गाडीनं ती निलंग्याला परतली.