वाळूतल्या रेघा

चष्मे दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळा बाजार भिंगकाका म्हणायचा. बायको गेली आणि मागोमाग तिच्या टाकीतले मासेही एकेक करून गेले. पाणी, वाळू, चार वाळकी पानं उरली. तरी काकांनी पंप बंद केला नाही. त्या घुरघुरीशिवाय घर खायला उठायचं. सकाळी चिमूटभर खाणं टाकायची सवयही सुटली नाही.

एकदा वाळूत रेघ दिसली, बोटानं ओढल्यासारखी. त्यांनी वाळू सारखी केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा रेघ, आता काचेपर्यंत आलेली. बोलता बोलता टेबलावर अशाच रेघा ओढायची बायको. काका घाबरले नाहीत. चहा घेऊन टाकीसमोरच बसायला लागले. हळूहळू तिच्याशी बोलायलाही लागले.

थोरल्या बहिणीच्या कानावर हे गेलं, तशी ती तडक आली. "अरे, वेड लागलंय का तुला? आधी उपस ती टाकी!"

काकांनी पाणी उपसलं. तळाचं वाळकं पान उचललं, तर ते बोटांत वळवळलं आणि चक्क करकरलं. ताईनं दार गाठलं.

पाण्याच्या डब्यातून ते 'पान' माशांच्या दुकानात गेलं. काकांनी भिंग धरलं, दुकानदार दाखवत गेला.

"हे चपटं डोकं, या मिशा, काडीसारखी शेपटी. कडेच्या परांचे काटे घासून करकरतो. बॅन्जो कॅटफिश. दिवसभर वाळूत पुरून घेतो स्वतःला, रात्री सरपटत फिरतो. अहो, वहिनींनीच नेला होता की! म्हणाल्या, ह्यांना सांगू नका, बघू कधी सापडतो ते."

काकांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण रेघा कोणाच्या ते कळलं आणि टाकीसमोरचं बोलणं थांबलं. त्या चहाला चवच राहिली नाही.

माशाचं मात्र नीट केलं. अंग खरचटू नये म्हणून बारीक, मऊ वाळू आणली. दिवा मालवल्यावर त्याला खायला अळ्या टाकू लागले.

पुढे कितीतरी दिवस अळ्या तशाच पडून राहिल्या.

"एकदा वाळू उकरून तरी बघ, जिवंत आहे का तो," ताई फोनवर म्हणाली.

"नको," काका म्हणाले.

त्यांनी शिळं खाणं नळीनं ओढून काढलं, ताजं टाकलं आणि दिवा मालवला.