मंडळाच्या यंत्रातले दोन व्हॉल्व्ह

आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या ॲम्प्लिफायरमधले दोन चांगले व्हॉल्व्ह, म्हणजे दिव्यासारख्या तापणाऱ्या काचेच्या नळ्या, मी काढून घेतले होते आणि त्यांच्या जागी माझे थकलेले दोन बसवले होते. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. चोरी म्हणावी, तर मी ते परत ठेवले. चोरी म्हणू नये, तर इतकी वर्षं लपवून का ठेवलं?

तेव्हा मी उज्जैनला होतो, मध्य भारत सरकारच्या एका कचेरीत कारकून. वडील नोकरीपायी खानदेशातून इकडे आले आणि इकडचेच झाले, त्यामुळे मी घरात मराठीत भांडायचो आणि बाजारात हिंदीत. वय तिशीच्या आसपास. तंबाखू नाही, पत्ते नाहीत. सोयरिकीच्या वेळी सासऱ्यांना सांगितलं होतं, मुलाला कसलं व्यसन नाही. व्यसन होतं, ते बाहेरच्या खोलीतल्या लाकडी कपाटात ठेवलेलं होतं आणि तापायला दोन मिनिटं घेत असे.

ज्यांना ही बाधा झालेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तबकडीवरून सुई जो आवाज उचलते तो अगदी दुबळा असतो. तो आधी प्रीॲम्प्लिफायरमध्ये जातो. तिथे त्याचा खर्ज, त्याची धार नीट लावली जाते. मग ॲम्प्लिफायर त्याला बळ देऊन स्पीकरकडे धाडतो. प्रीॲम्प्लिफायर म्हणजे कचेरीतला मसुदा करणारा कारकून आणि ॲम्प्लिफायर म्हणजे त्यावर सही ठोकणारा साहेब. मसुद्यात चूक राहिली की साहेबाच्या सहीने ती जिल्हाभर पसरते. मी स्वतः मसुदा करणारा, त्यामुळे माझा जीव प्रीॲम्प्लिफायरमध्ये जास्त. एक बिस्किटाच्या डब्यात बांधला, तो गुणगुणायचा. दुसरा पितळी पेटीत बांधला, तो गुणगुणायचा नाही, पण मला त्यात गाणारी बाई जरा लांब बसल्यासारखी वाटे. तिसऱ्यात ती जवळ आली, तर सारंगी गेली.

सुटे भाग फ्रीगंजमधल्या एका रेडिओ मिस्त्रीकडून आणायचे. महूच्या छावणीतून लिलावात निघालेला माल त्याच्याकडे येई. मी दर रविवारी हजर. तो दुकानातूनच ओरडे, "आओ बाबूजी, आज कौन-सा सुर कम पड़ गया?" मी म्हणे, वरचे सूर थोडे बोचतात. तो कपाळाला हात लावी. "आपके कान पे मक्खी बैठेगी न, तब भी बोलोगे ट्रेबल ज्यादा है."

मक्खीचं जाऊ द्या. माझ्याकडे त्या काळात लहानमोठी पाच यंत्रं आणि सात तबकड्या होत्या. त्या सातांतलीही मी एकच वाजवायचो, आणि तिचंही पहिलं अर्धं मिनिटच. मग यंत्र बंद करायचं, एक भाग बदलायचा, पुन्हा तेच अर्धं मिनिट. कोणत्या भागाने काय सुधारलं ते वहीत मांडायचं. बंदिशीचा अंतरा कसा आहे ते मला ती तबकडी घेतल्यावर दोन वर्षांनी कळलं, तेही बायको स्वयंपाकघरात गुणगुणली म्हणून.

ती एकदा म्हणाली, "अहो, त्या बाई गातायत, त्या ऐकू येतात का तुम्हाला?"

"मी त्यांचा श्वास ऐकतोय. आज पहिल्यांदा श्वास ऐकू आला बघ."

"श्वास ऐकायला तबकडी कशाला लागते? मी बसलेय ना इथे."

ती गाणं शिकत होती. आमच्या पेठेतल्या बुवांकडे. बुवा मुलींच्या शाळेत संगीत शिकवत आणि संध्याकाळी आमच्यासारख्यांच्या घरी येऊन शिकवणी घेत. वय साठीला टेकलेलं, अंगकाठी बारीक, पण आवाज असा की आमच्या बोळातले टांगेवाले घोडे थांबवत. वर्षातून एकदा, गणपतीत, ते मंडळासाठी गात. शाळेच्या सभागृहात, माईकशिवाय. त्यांची ती एकच जाहीर मैफल, आणि बुवा वर्षभर तिच्यासाठी जगत असं म्हटलं तर जास्त होणार नाही.

मी मंडळाचा ध्वनिप्रमुख. त्यामुळे मंडळाचं यंत्र अकरा महिने आमच्याच घरी, पलंगाखाली, जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं असे. एका सभासदाने ते मुंबईहून आणवलेलं, अस्सल विलायती. त्यातले शेवटचे दोन व्हॉल्व्ह, ज्यांच्या जोरावर आवाज बाहेर पडतो, ते जुळी भावंडं असावीत तसे एकासारखे एक होते. तसली जोडी मिस्त्रीकडे मिळणं शक्य नव्हतं.

पौषात एका रविवारी मी पलंगाखाली वाकलो. फक्त ऐकून बघायला. माझे बसवले त्यात, त्यातले बसवले माझ्यात. अर्धं मिनिट वाजवलं. मग, खोटं कशाला सांगू, आयुष्यात पहिल्यांदा ती तबकडी मी शेवटपर्यंत ऐकली. बायको दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आज काय केलंत?" मी म्हणालो, "धूळ पुसली."

मनाशी ठरवलं की गणपतीच्या आधी परत बसवू. आरती आणि अध्यक्षांचं भाषण, त्यांना विलायती जोडी कशाला लागते, हाही विचार होताच.

त्या वर्षी मात्र गणपती वेगळे होते. मध्य भारत नव्या मध्यप्रदेशात विलीन होणार हे ठरलं होतं. कचेऱ्या भोपाळला हलणार, कोण जाणार, कोण राहणार, हेच घरोघरी चाललेलं. आपण सगळे एकत्र असण्याचं हे शेवटचंच वर्ष म्हणून मंडळाने बुवांचं गाणं शाळेतून काढून मैदानावर ठेवलं. एवढ्या लोकांसाठी माईक हवाच.

बुवा ऐकेनात. "मला भोंगा कशाला? मी काय इलेक्शनला उभा आहे?"

समजूत कोणी घालायची? मी घातली. "बुवा, शेवटच्या रांगेतल्या माणसाला तुमची मींड ऐकू यायला पाहिजे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "यंत्राशी तुम्ही बसणार ना? मग झालं. तुम्हाला कान आहेत."

व्हॉल्व्ह मी तेव्हाही परत बसवले नाहीत. सकाळी काढतो, दुपारी काढतो, असं करता करता हातगाडी दाराशी आली. मैदानावर हॅलो, हॅलो केलं, ठीक वाटलं. अध्यक्षांचं भाषण खणखणीत आलं. मी स्वतःला शाबासकी दिली.

बुवा खालच्या सप्तकात होते तोवरही सगळं ठीक. मग ते वर चढले, तार षड्जावर स्थिरावले, आणि भोंग्यांतून जे बाहेर आलं ते चिरलेलं, खरखरीत, बांबू फुटावा तसं होतं. त्यात गिरणीची संध्याकाळची पाळी सुरू झालेली, शहराची वीज मंदावलेली. लोक चुळबुळले. मी, पाच यंत्रांचा धनी, काय केलं? आवाज वाढवला. थकलेल्या बैलाला चाबूक मारावा तसा. तो आणखी फाटला.

बुवांनी स्वतःचा आवाज भोंग्यातून ऐकला. दुसऱ्यांदा वर गेले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गेले नाहीत. मध्य सप्तकातच घोळवून त्यांनी भैरवी घेतली आणि नमस्कार केला. भाषण इतकं स्वच्छ झालं होतं की यंत्रावर कोणाचा संशयच गेला नाही. घरी येताना बायको म्हणाली, "बुवांचा आवाज गेला हो." आणि रडायला लागली. मी टांगेवाल्याला म्हटलं, भैया, धीरे चलाओ.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुवा घरी आले. बायको देवळात गेली होती. मी कपाटासमोर बसलो होतो, तबकडी चालू होती, मंडळाची जोडी आत लाल होऊन तापलेली. मला ती बंद करायचंही सुचलं नाही. बुवा बसले, थोडा वेळ ऐकत राहिले.

"किती निर्मळ लागलंय हो हे," ते म्हणाले. "तुम्हाला कान आहेत म्हणून विचारतो. बाकीचे तोंडदेखलं बोलतील. खरं सांगा, माझा आवाज गेला का?"

वाक्य माझ्या जिभेवर होतं. बुवा, आवाज तुमचा नाही, यंत्राचा फाटला. एवढंच. पण पुढचा प्रश्न आला असता, यंत्राला काय झालं? आणि त्याचं उत्तर आमच्या दोघांच्या मध्ये, दोन हातांवर, जळत होतं.

मी म्हणालो, "वयाचा थोडा परिणाम होतोच, बुवा."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. उलट म्हणाले, "बरं झालं, तुम्ही स्पष्ट बोललात." चहा घेऊन गेले.

त्याच दुपारी मी व्हॉल्व्ह परत बसवले. विसर्जनापर्यंत मंडळाचं यंत्र झकास चाललं. बुवा पुन्हा जाहीर गायले नाहीत. शिकवणीलाही ते येत, पण सूर गळ्याने दाखवायचे बंद केले, पेटीवर बोट ठेवून दाखवू लागले. माझी बायको पुढचा मारवा पेटीकडूनच शिकली. मी शेजारच्या खोलीत असायचो आणि ते ऐकायचो. श्वासाचा आवाज ओळखणारा मी.

मग आमची बदली भोपाळला झाली. तिथेही मी यंत्रं बदलली. पुढे दोन स्पीकरांची पद्धत आली, तीही केली. प्रत्येक नव्या यंत्राशी पहिल्या दिवशी वाटे, आता पोचलो. दुसऱ्या दिवशी दोष ऐकू येई. बायको म्हणते, तुमचं समाधान नाही होत कशाने. मी म्हणतो, प्रीॲम्प्लिफायरच बरोबर नाही.

बुवा अजून आहेत, रामघाटाजवळ, मुलीकडे. ऐंशीच्या घरात गेले, दिसत नाही फारसं, त्यामुळे हे छापून आलं तरी ते वाचणार नाहीत, आणि छापलं म्हणजे सांगितलं असं मला धरता येणार नाही. वर्षातून दोनदा तरी मी त्यांच्याकडे जातो. पाया पडतो, तब्येत विचारतो, क्षिप्रेला पाणी किती आहे ते बोलतो, परत येतो.

बुवांचा आवाज गेला नव्हता, तो माझ्यामुळे फाटला आणि त्यांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. एवढं त्यांच्यासमोर बसून सांगण्याचं देणं मी अजून लागतो. त्याआधी बायकोला.