दही-साखर आणि ओवीची थुंकी

गुरुवारी सकाळी ओवीला घेऊन दवाखान्यात गेलो, मी आणि माझा पोरगा प्रशांत. ओवी म्हणजे माझी नात, अडीच वर्षांची. दोन दिवस ताप, नाक गळतंय... आणि घरात तिचा बारा दिवसांचा भाऊ! त्याचा पापा घेतल्याशिवाय ही झोपत नाही. म्हणून तिला आधी माझ्या खोलीत घेतलं, आणि मग टेस्टला नेलं.

तिथे लहान पोरांचं नाकातलं तर घेतातच, पण थुंकी आणि शीसुद्धा तपासत होते. कशात कोरोना नीट सापडतो ते बघायला. शी पण पाहिजे म्हटल्यावर मी सिस्टरला म्हटलं, "लागते तेवढी ने वं बाई, आमच्या घरी कमी नाही."

नाकाची काडी पाहून ओवीनं जो थयथयाट केला! प्रशांतनं हात धरले, मी डोकं धरलं, तरी काडी टेकते न टेकते तोच तिनं मान फिरवली. जेवढं लागलं तेवढंच सिस्टरनं घेतलं. सिस्टरला लाथ बसली ती वेगळी...

मग निघाली थुंकीची काडी. टोकाला स्पंज, पोरानं नुसतं चोखायचं, बस्स! मी तर बघतच राहिले. सिस्टरनं विचारलं, "अर्ध्या तासात काही खाल्लं-पेलं नाही न हिनं?" प्रशांत म्हणाला, "काहीच नाही."

मी पंख्याकडे पाहिलं.

कामाला निघताना दही-साखर द्यायची, ही सगळ्यांचीच रीत. पण मी डबी बरोबर नेते आणि जिथे काम असेल तिथल्या दारातच देते... असर ताजा राहतो. प्रशांत ऑटोवाल्याशी हुज्जत घालत होता, तेवढ्यात दवाखान्याच्या फाटकाजवळ ओवीला दोन चमचे चारले होते.

गप्प बसले असते तर कोणाला कळलं नसतं. पण डोळ्यासमोर ते बारा दिवसांचं पोर आलं. म्हटलं, "थांब वं बाई, मी दही चारलं हिले."

"आई, तू पण न!"

"तू पण न काय? तुह्या दहावीलेही मीच देल्लं होतं."

सिस्टर हसली. "मंग बसा आजी अर्धा तास. पाणीबी नोका पाजू." बसलो. नंतर ओवीनं ती काडी अशी चोखली की परत द्यायलाच तयार नाही!

दुसऱ्या दिवशी नाकाचा रिपोर्ट आधी आला... निगेटिव्ह. सुनेनं आतून हाक मारली, ओवीला आणा. प्रशांत उचलायला निघालाच होता. मी दारात आडवी उभी राहिले. "दुसरा येऊ दे." सून रडली, प्रशांत चिडला, ओवीनं भोंगा लावला. मी हलले नाही.

संध्याकाळी थुंकीचा आला. पॉझिटिव्ह! मी टाळीच वाजवली. प्रशांत म्हणतो, "आई, बिमारी निघाली, टाळ्या काय वाजवून राहिली?" अरे, सापडली न! डॉक्टर म्हणाले, नाकात काडी नीट गेलीच नव्हती, म्हणून तिथे दिसलं नाही.

आता ओवीचा ताप उतरला आहे, बाळाला काही नाही. ओवी माझ्या खोलीत बसून माझं डोकं खाते आणि काचेतून भावाला पापे देते. शीचा रिपोर्ट अजून यायचा आहे...

आठवणीनं विचारलं म्हणून त्या सिस्टरचे आभार. मी खरं सांगितलं त्याचे आभार घरात कोणीच मानले नाहीत, म्हणून इथे लिहिलं.